किडनी विकत घ्यायची का? (प्रश्न तात्त्विक नाही)

तिसरी घंटा | रविवार, रात्री ११.५०

एरवी मी इथे नाटकांवर नाहीतर मिसळीवर लिहितो. आजचा विषय वेगळा आहे आणि घरातला आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

दादा (सख्खा, वय ५१) पावणेदोन वर्षं डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. डाव्या हाताला फिस्टुला आहे (मशीनची सुई टोचायला शीर आणि धमनी जोडून केलेली जागा). त्यावर बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरतंय असं वाटतं. पाणी मोजून प्यायचं. सकाळी वहिनी स्टीलचा एक तांब्या भरून ठेवते, दिवसभरात तो संपला की संपला. एप्रिल-मेमध्ये दादा त्या तांब्याकडे ज्या नजरेनं बघत बसायचा ते बघवत नव्हतं.

घरातून कोण देणार? आई ७८ वर्षांची. मला मधुमेह, मी पहिल्याच फेरीत बाद. दादाचा रक्तगट ओ, त्याला ओ-चीच चालते. वहिनीचा बी. ताईचा ओ. ताई विचारायच्या आधीच तयार झाली. सगळ्या तपासण्या होत आल्या आणि डॉक्टर म्हणाले, जमणार नाही. कारण विचारलं तर "मेडिकली योग्य नाही" एवढंच. ताई त्या दिवशी खूप रडली. मृत दात्याच्या किडनीसाठी यादीत नाव घातलंय, पण ओ गटवाल्यांची रांग संपत नाही.

आता मुद्द्यावर येतो. सेंटरच्या खाली चहाची टपरी आहे. दादा मशीनवर असतो तेव्हा मी तिथे उभा असतो. गेल्या गुरुवारी शेजारी उभा असलेला माणूस बिस्किट बुडवता बुडवता म्हणाला, "तुमच्या पेशंटचा ओ ना?" त्याला कसं कळलं देव जाणे. पुढे म्हणाला, "तीस. सगळं धरून. कागदावर सख्खा भाऊ करून देतो. देणारा राजीखुशीनं देतो, आम्ही त्याला खूश करतो."

मी त्याला हाकलून लावला असं लिहायला आवडलं असतं. मी "बघतो" म्हणालो.

तेव्हापासून झोप नाही. कायदा मला माहीत आहे, तो सांगू नका. मला विचारायचंय ते एवढंच की एक माणूस राजीखुशीनं विकतोय आणि त्यावर दुसरा जगतोय, तर यात पाप नक्की कुणाच्या पदरात पडतं?

---

खडूस आजोबा | सोमवार, सकाळी ६.१०

कायदा सांगू नका म्हणालास तरी सांगतो, कारण लोक अर्धाच वाचतात. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल यांच्या विधानसभांनी ठराव केले म्हणून संसदेला तो करता आला, आणि ४ फेब्रुवारी १९९५ ला आपल्याकडे लागू झाला. २०११ च्या दुरुस्तीनंतर अवयवाच्या व्यापाराला पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी दंड. दलाल, घेणारा आणि विकणारा, तिघांनाही. तुझा तो बिस्किटवाला "सख्खा भाऊ करून देतो" म्हणाला ना, त्या खोट्या कागदावर सही तुझ्या दादाची असणार, त्याची नाही.

आणि मूळ प्रश्न. बाबा रे, अडला हरी गाढवाचे पाय धरी. तू अडला आहेस म्हणून तुला राजीखुशी दिसतेय. विकणारा तुझ्यापेक्षा जास्त अडलेला आहे.

---

अर्धाकप | सोमवार, सकाळी ९.३०

आजोबांशी असहमत. अडलेला माणूस जे काही करतो ते सगळं बेकायदा ठरवायचं का? माणूस अडलाय म्हणूनच गटारात उतरतो, अडलाय म्हणूनच चोविसाव्या मजल्यावर परांचीवर चढतो. त्याला आपण रोजगार म्हणतो. किडनी काढण्यात जिवाला जो धोका आहे त्याहून जास्त धोका काही धंद्यांत रोज आहे. मग इथेच आपल्याला नीतिमत्ता का आठवते?

इराणमध्ये १९८८ पासून पैसे देऊन किडनी घेणं कायदेशीर आहे. दलाल नाही. रुग्णांची संघटना दोघांची गाठ घालून देते, सरकार ठरावीक रक्कम आणि विमा देतं, उरलेलं घेणारा देतो. परदेशी माणसाला इराणी माणसाची किडनी मिळत नाही, म्हणजे आखातातल्या शेखानं यायचं आणि घेऊन जायचं ही भानगड नाही. १९९९ पर्यंत रांग संपली असा दावाही त्यांनी केला. आपल्याकडे बंदी घालून काय मिळवलं? धंदा बंद झाला नाही, टपरीवर आला. बंदीमुळे विकणाऱ्याच्या हातात पावती नाही, तक्रार करायला जागा नाही, उलट पोलिसात गेला तर तोच आरोपी.

---

मीठभाकर | सोमवार, दुपारी १.०५

@अर्धाकप, शेवटचं वाक्य पटलं. बाकी नाही. तेहरानमध्ये दवाखान्यांच्या आसपासच्या भिंतींवर लोक रक्तगट आणि फोन नंबर लिहून ठेवतात, त्याचे फोटो बघा एकदा. सरकारनं ठरवलेला भाव एक आणि भिंतीवरचा भाव दुसरा. विकणारा गरीब, घेणाऱ्याकडे पैसे. कायद्यानं त्यात फरक पडला नाही, फक्त लपायची गरज संपली.

---

टोणगा७७ | सोमवार, दुपारी २.२०

सगळे नेते आणि त्यांचे चमचे यांच्या किडन्या काढा, प्रश्न मिटला. हाकानाका.

---

वऱ्हाडी ठेचा | सोमवार, रात्री ८.४५

पुस्तकी वाद चालू द्या, मी आमच्या अकोल्याचं सांगतो. २०१५ च्या डिसेंबरात किडनीचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा मी तिथेच होतो. सावकाराचे पैसे घेतलेले साधे लोक. व्याज चढत गेलं, आणि वसुलीला आलेल्यानंच रस्ता दाखवला की एक किडनी दे अन् मोकळा हो. काहींना थेट श्रीलंकेत नेऊन ऑपरेशन केलं. ज्यानं आयुष्यात नागपूर धड पाहिलं नाही त्याच्या नावाचा पासपोर्ट निघाला भाऊ.

तुम्ही विचारता राजीखुशी होती का. होती ना. जबरदस्तीनं टेबलावर कोणी बांधलं नव्हतं. सही त्याची, पायानं चालत गेला. पण पैसा कुठं गेला ते बघा. तो ज्याच्याकडून आला होता तिथंच परत गेला. माणूस म्हणजे मधला पाइप झाला. एका टोकाला पेशंट, दुसऱ्या टोकाला सावकार, आणि पाइपला भोक.

गावात मग अशा माणसाकडे लोक कसे बघतात तेही सांगतो. पोतं उचलायला बोलवत नाहीत. "त्याले नको, त्याची एकच हाये."

---

मीठभाकर | सोमवार, रात्री ९.१५

ठेचाभाऊ जे म्हणताहेत ते मोजलं गेलंय. चेन्नईत पैशांसाठी किडनी दिलेल्या ३०५ जणांना संशोधकांनी गाठलं, २००१ मध्ये. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात निबंध आला. ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडायला विकली होती. सरासरी मिळाले १,०७० डॉलर, कबूल केल्यापेक्षा कमी. काही वर्षांनी तीन चतुर्थांश लोक परत कर्जात! घरचं उत्पन्न वाढायच्या जागी एक तृतीयांशानं घटलं होतं. ८६ टक्क्यांनी तब्येत आधीपेक्षा खराब झाली असं सांगितलं. आणि "दुसऱ्या कुणाला विकायचा सल्ला द्याल का" याला ७९ टक्क्यांचं उत्तर नाही.

आणखी एक. त्या ३०५ मध्ये ७१ टक्के बायका होत्या.

---

अर्धाकप | सोमवार, रात्री १०.००

आकडे माहीत आहेत. पण हे देखरेख नसलेल्या बाजाराचे आकडे आहेत. फसवणूक, कमी पैसे, नंतर तपासणी नाही, हे सगळं चोरट्या बाजाराचं लक्षण. त्यावरून चोख बाजार वाईट कसा ठरतो?

---

खडूस आजोबा | मंगळवार, सकाळी ६.००

चोख बाजार म्हणे. माझी उभी हयात मार्केट यार्डात गेली. चोख तराजू फक्त उद्घाटनाच्या दिवशी पाहिला.

---

ओसरी | मंगळवार, दुपारी ३.३०

इतका वेळ नुसती वाचत होते. मी देणारी आहे. नवऱ्याला दिली, आठ वर्षं झाली. दोघंही बरे आहोत, दुपारी चारला चहा भांडत पितो.

सगळे पैशाबद्दल बोलताय. माझ्या केसमध्ये एक रुपया फिरला नाही. पण राजीखुशी म्हणाल तर... ऐका. नवऱ्याचं निदान झाल्यावर पहिल्या रविवारी त्याची सगळी माणसं जमली. दोन भाऊ, एक बहीण, आत्या. पोहे केले मीच. कुणी मला विचारलं नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "हिचा ग्रुप कोणता गं?" आणि सगळ्यांनी पोह्यांतून मान वर करून माझ्याकडे बघितलं. दिरांचे ग्रुप कुणी विचारले नाहीत. त्यांना "घर चालवायचंय" होतं. मी तेव्हा शाळेत शिकवत होते, माझ्या पगारावर निम्मं घर चालत होतं, ते सोडा.

मी दिली असतीच. माझं प्रेम आहे त्याच्यावर (भांडण वेगळं). पण "नाही" म्हणायला जागा होती का, तर नव्हती. आणि हे माझं एकटीचं रडगाणं नाही. १९९५ ते २०२१ मध्ये देशात झालेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी अवयव मिळाले २९,६९५ पुरुषांना आणि ६,९४५ बायकांना. म्हणजे पाचात चार पुरुष. जिवंतपणी देणाऱ्यांत मात्र बायका जास्त.

त्यामुळे "पैसा आला की अपवित्र, कुटुंबात दिलं की दान" ही वाटणी मला जमत नाही. दधीची ऋषींना निदान इंद्रानं तोंड उघडून विचारलं तरी होतं.

---

वऱ्हाडी ठेचा | मंगळवार, दुपारी ३.५५

ताई, दंडवत.

---

मीठभाकर | मंगळवार, संध्याकाळी ६.४०

ओसरी, हे वाचून बीड आठवलं. ऊसतोडीला जाणारी जोडी म्हणजे एक कोयता. उचल आधी घेतलेली. एक दिवस पडला की खाडा, त्याचे पैसे कापणार. पाळी, दुखणं, यानं खाडे पडतात म्हणून तिशीतल्या बायकांनी गर्भाशयं काढून घेतली. २०१९ मध्ये त्यावर ओरड झाली, सरकारनं समिती नेमली. तिथे अवयव कुणी विकत घेतला नाही, कायदा मोडला नाही, संमतीपत्रावर अंगठा आहे. अवयव गेला मात्र कर्जापायीच.

म्हणजे खरेदी-विक्रीवर बंदी हवीच, माझं मत तेच आहे, पण फक्त पैसा देवाणघेवाण झाला का एवढंच बघत बसलो तर निम्मं दिसतच नाही.

---

टोणगा७७ | मंगळवार, संध्याकाळी ७.००

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

---

संपादक मंडळ | मंगळवार, संध्याकाळी ७.१०

एका सदस्यानं दिलेला "मदत करणाऱ्या" व्यक्तीचा फोन नंबर उडवला आहे. अशा व्यवहाराची जाहिरात करणं हाही त्याच कायद्यात गुन्हा आहे. पुन्हा दिसल्यास आयडी बंद.

---

निळी शाई | मंगळवार, रात्री ११.२०

मी एका रुग्णालयात प्रत्यारोपण समन्वयक आहे. कोणत्या ते लिहीत नाही. दोन-तीन गोष्टी आतल्या बाजूनं.

जिवंत दात्याची मुलाखत होते, व्हिडिओत नोंद होते. नवरा-बायको, भावंडं, आईबाप, मुलं आणि २०११ पासून आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे नातेवाईक. त्यापलीकडचा माणूस "प्रेमापोटी" देतोय म्हणाला की प्रकरण प्राधिकार समितीकडे, म्हणजे परवानगी देणाऱ्या समितीकडे जातं. समितीला पैसा शोधायचा असतो. म्हणून आम्ही विचारतो, लग्न कुठल्या हॉलमध्ये झालं, सासऱ्यांचं नाव काय, स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला. खोटी बायको इथे अडकायला हवी. प्रत्येक वेळी अडकत नाही. २०२२ मध्ये पुण्यातलं प्रकरण तुम्ही वाचलं असेलच. कोल्हापूरची बाई पेशंटची बायको म्हणून उभी केली होती, पंधरा लाख कबूल केले होते. पैसे मिळाले नाहीत म्हणून तिनंच तोंड उघडलं, तेव्हा कळलं.

पण ओसरी म्हणतात तो दबाव शोधायला आमच्याकडे एकच हत्यार आहे. दात्याला एकट्याला आत घेतो. बाहेर नातेवाईक, दार बंद. विचारतो, "मनापासून द्यायची आहे ना? नसेल तर सांगा. बाहेर कुणाला कळणार नाही." काही जण सांगतात. मग आम्ही बाहेर येऊन म्हणतो की मेडिकली योग्य नाही. एवढंच. कारण सांगत नाही, विचारलं तरी नाही. माणसाची घरातली जागा टिकते. हे जगभर करतात, आणि मला या नोकरीत सर्वांत चांगलं काम तेच वाटतं.

विकणाऱ्यासाठी ते दार नाही. तो "नाही" म्हणाला तर त्याच्या सावकाराला बाहेर येऊन "मेडिकली योग्य नाही" सांगणारं कुणी नसतं. @अर्धाकप, तुमच्या चोख बाजारात हे दार कुठे बसवणार ते सांगा.

धागाकर्ते, वहिनी बी आणि दादा ओ असतील तर स्वॅपसाठी (न जुळणाऱ्या दोन जोड्यांनी दाते अदलाबदल करायचे) नाव घातलंय का? २०११ पासून कायद्यात आहे. ओ पेशंटला जोडी मिळणं अवघड, पण नाव तरी घाला.

---

अर्धाकप | बुधवार, रात्री १२.०५

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. प्रामाणिकपणे.

एक जोडतो फक्त. आपल्या कायद्यात "पैसे" या शब्दाच्या व्याख्येतून दात्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी वगळलेली आहे. म्हणजे ते देणं गुन्हा नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला अवयव दिल्यावर ४२ दिवसांची खास रजा मिळते. मग रोजंदारीवाल्या बहिणीनं भावाला दिली तर तिचे दोन महिने कोण भरून देतं? माझा बाजार राहू द्या, हे तरी करा.

---

खडूस आजोबा | बुधवार, सकाळी ६.०५

हे बोललास मुद्द्याचं. यादी लांब आहे ती विकणारे कमी म्हणून नाही. आपल्याकडे मेल्यावर देणारे वर्षाला दहा लाखांत एकही भरत नाही. स्पेनमध्ये चाळीसच्या वर. तिथली माणसं काही आपल्यापेक्षा जास्त पुण्यवान नाहीत, त्यांच्या दवाखान्यांत नातेवाइकांशी वेळेवर बोलणारा माणूस नेमलेला असतो. माझा फॉर्म भरलेला आहे. पोरांना सांगून ठेवलंय, ऐन वेळी रडत बसू नका, फोन करा.

---

ओसरी | बुधवार, सकाळी १०.३०

तिसरी घंटा, कुठे आहात? दोन दिवस झाले.

---

तिसरी घंटा | गुरुवार, रात्री १.१५

वाचतोय सगळं.

निळी शाई, तुमचा प्रतिसाद मंगळवारी रात्रीच वाचला आणि मोबाइल उलटा करून ठेवला.

ताई म्हणत असलो तरी ती आमच्यात धाकटी. गावातल्या साखर कारखान्यात तिचा नवरा हंगामी, घरात सासू अंथरुणावर, दोन मुलं. मी तिला फोन केला होता तेव्हा "तुझा ग्रुप ओ ना?" एवढंच विचारलं होतं. ती विचारायच्या आधीच तयार झाली असं मी वर लिहिलंय. ते खरं आहे आणि खोटंही आहे.

तिला काही विचारलेलं नाही. विचारणारही नाही. कदाचित खरंच एखादा रिपोर्ट वाईट असेल.

आज दादाला मशीनवर सोडून टपरीवर गेलो. तो होता. मला म्हणाला, "मग?" मी विचारलं, देणाऱ्याला किती जाणार? हसला. "साहेब, ते तुम्ही कशाला बघता?" मी चहा न पिता वर आलो. काही फार मोठं केलं असं नाही. तो उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी शेजारी उभा असेल.

स्वॅपचं उद्या बघतो.

---

तिसरी घंटा | दोन महिन्यांनंतर

धागा वर काढतोय, कारण काही जण व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारत होते.

स्वॅपमध्ये एक जोडी मिळाली आहे. तिकडे पेशंट बाई, गट बी. त्यांचा नवरा ओ, म्हणजे तो तिला देऊ शकला असता, पण बाळंतपणांमुळे तिच्या रक्तात त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी आहेत, क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येतो, म्हणजे तिचं शरीर त्याची किडनी नाकारेल. म्हणून तो दादाला देणार आणि वहिनी तिला. दोन्हीकडचे रिपोर्ट जुळलेत. आता समितीसमोर जायचंय.

ओसरीताई, वहिनीला एकटीला गच्चीवर नेऊन विचारलं. पोहे न करता. म्हटलं, नको असेल तर मी डॉक्टरांशी बोलतो, कुणाला कळणार नाही. ती दोरीवरचे कपडे काढत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आधी विचारलं असतंत तर तेव्हाही हेच सांगितलं असतं. हो म्हणून." आणि चिमटे माझ्या हातात दिले.

कागद गोळा करतोय. विवाह नोंदणीचा दाखला नाही, बावीस वर्षांपूर्वी कुणी काढत नसे, आता काढायला टाकलाय. लग्नाचा फोटो मागितलाय. अल्बम माळ्यावरून काढला तर पानांना पानं चिकटलेली. एकच धड फोटो निघाला, त्यात दादाच्या तोंडावर मुंडावळ्यांची सावली आहे आणि वहिनी खाली बघतेय. चालेल का?

---

निळी शाई | त्याच दिवशी, रात्री ९.४०

चालेल. सोबत घरातले नंतरचे दोन-तीन फोटो लावा, दोघांचे एकत्र. रेशनकार्ड, आधार, सगळ्याच्या झेरॉक्सचे तीन संच, मूळ कागद वेगळ्या पिशवीत. आणि वहिनींना सांगा, आत एकटीला बोलावतील तेव्हा घाबरू नका. आम्ही तेच विचारतो जे तुम्ही गच्चीवर विचारलंत.

---

वऱ्हाडी ठेचा | त्याच दिवशी, रात्री ९.५५

तारीख कळवा भाऊ.